सातव्या पोढीचे वाचक

तेजस्विनी: आता हा पुढचा. नाशिकचा कुणीतरी आहे. लिहितो, ‘सातवी पोढी ही कादंबरी एका बैठकीत वाचून काढली. नंतर दोन दिवस गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडायला हात धजत नव्हता.’ पाच स्टार.

भागुजी: टाकीचं झाकण? आन मंग दोन दिस आंघोळ कशानं केली त्यानं?

तेजस्विनी: आबा, चेष्टा नका ना करू. लोक त्या कादंबरीबद्दल काय काय लिहितात ते वाचून दाखव, असं तुम्हीच म्हणालात. म्हणून कॉलेज बुडवून बसलेय मी.

भागुजी: बुडवलंस व्हय? तुझ्या बापाला कळू दी. चाकणवरनं फोन करून मलाच झाडंल. बरं, वाच. स्टार म्हंजी मार्कच ना?

तेजस्विनी: मार्कच. पाचपैकी.

भागुजी: मंग पैकीच्या पैकी पडलं की आमच्या लेखकसायबाला.

तेजस्विनी: हजारो लोकांनी दिलेत. आता ऐका, ठाण्याच्या बाई. ‘मी कादंबरी म्हणून वाचायला घेतली, पण ही कादंबरी नाहीच. जुन्नरच्या डोंगरात असं काहीतरी असणारच. आपल्यापासून किती गोष्टी लपवून ठेवल्यात!’

भागुजी: कुणी लपवल्यात?

तेजस्विनी: तुम्ही.

भागुजी: मी?

तेजस्विनी: म्हणजे पुस्तकातल्या त्या पहारेकऱ्यानं. भागा पोढीवाल्यानं. तो तुम्हीच की. नाव तेवढं अर्धं ठेवलंय.

भागुजी: तेजे, मला एकदा नीट सांग काय हाय त्या पुस्तकात. तुझा बाप अर्धं सांगतो आन मधीच उठून जातो. डोळ्यात मोतीबिंदू नसता तर कुणाच्या पाया पडायची येळ आली नसती, मीच वाचलं असतं.

तेजस्विनी: सांगते. आपल्यासारखाच डोंगर आहे. वर लेणी आणि कातळात खोदलेली पाण्याची सात टाकी, म्हणजे पोढ्या. सहा पोढ्यांत पाणी आणि सातवीच्या तळाशी एक पेटी. दोन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यात असं काहीतरी आहे की ते बाहेर आलं तर सगळे धर्म हादरतील.

भागुजी: आपल्याकडं पोढ्या पाचच हायेत. दोन कुठनं आणल्या त्यानं?

तेजस्विनी: अहो, ती कादंबरी आहे.

भागुजी: असू दे की. निदान मोजाय तरी नीट पायजे व्हतं.

तेजस्विनी: तर ती पेटी राखणारी एक गुप्त टोळी आहे. बापाकडून पोराकडं चालत आलेली. ते दर पिढीला एक जीव पोढीला देतात. आत्ताचा राखणदार हा भागा. लेण्यांवर पहारेकरी, एका पायानं अधू, गळ्यात पांढरं उपरणं.

भागुजी: मी पायऱ्यावरनं पडलो म्हणून पाय असा झाला. पावसाळ्यात गवत काढताना पडलो. त्यात टोळी कुठनं आली?

तेजस्विनी: हेच तर म्हणतेय मी! तुम्हाला संताप कसा येत नाही? हा बघा, हा तर इथं येऊन गेलेला दिसतो. ‘आम्ही बोरीला जाऊन खऱ्या म्हाताऱ्याला बघितलं. डोळे अगदी पुस्तकातल्यासारखे आहेत. एकटक बघतो. अंगावर काटा आला.’

भागुजी: एकटक बघतो? अगं, दिसत न्हाई म्हणून डोळं ताणून बघतो! ते लाल गाडीवालं असंल. इथं वट्यावर बसलं, पाणी प्यालं, माझ्यासंगं फोटू काढला. म्हणलं, ‘आबा, हसू नका, तसंच बसा.’ मी तसाच बसलो.

तेजस्विनी: कशाला बसलात?

भागुजी: पावणा म्हणला म्हणून बसलो. आल्या माणसाला न्हाई कसं म्हणायचं?

तेजस्विनी: आणि आज अचानक सगळं ऐकायची हुक्की का आली? पुस्तक येऊन वर्ष होत आलं.

भागुजी: काल बेल्ह्याच्या बाजारात भगवंता भेटला. त्याची प्रयागबाई व्हती, त्यांची नात व्हती संगं. त्या पोरीसाठी मी दर बाजाराला शेवेचा पुडा घेतो, तुला ठावं हाय. तसा काल बी घेतला. तिच्या हातावर ठिवाय गेलो, तर प्रयागबाईनं तिला मागं वढलं. हसत हसत वढलं, पन वढलं. आन भगवंता काय म्हणतो? ‘भागू, बाबा, आमची नगं, दुसरीकडं बघ.’

तेजस्विनी: असं म्हणाले भगवंतआजोबा?

भागुजी: चेष्टेनं म्हणला. त्यो हसला, मी बी हसलो. आन पुडा माझ्या हातातच ऱ्हायला. येताना टेंपोत बसून तसाच घरी आणला. अजून हाय पिशवीत. माझ्या बरुबरीचा माणूस त्यो, जलम एका बांधाला काढल्याला आमी दोघांनी. त्याच्या बायकूला माझ्या हाताचं भ्या वाटावं? लई लागलं मला ते. म्हणून म्हणलं, ऐकू तरी जग आपल्याला काय म्हणतंय.

तेजस्विनी: ठेवून देऊ मोबाईल? पुरे झालं का?

भागुजी: पुरं न्हाई. वाच.

तेजस्विनी: ‘मधला भाग थोडा रेंगाळतो.’ तीन स्टार. ‘पुढचा भाग कधी येणार?’ ‘यावर वेब सिरीज यायलाच हवी.’ ‘पहारेकरी भागा हा कधीही न विसरता येणारा राक्षस आहे.’ पुढं सगळं असंच आहे. बास आता.

भागुजी: थांबलीस का?

तेजस्विनी: काही नाही. तेच तेच लिहिलंय.

भागुजी: तेजे, मला दिसत नसलं तरी ऐकू येतं. तुझा आवाज बदलला. काय लिवलंय त्यात?

तेजस्विनी: आबा, राहू द्या ना.

भागुजी: वाच म्हणतो ना.

तेजस्विनी: ...सोलापूरचा आहे कुणी. ‘सगळं पुस्तक एकीकडे आणि मुलीचा प्रसंग एकीकडे. आईचं हिरवं पातळ गुंडाळून ती चिमुरडी पोढीत वाकून बघते आणि म्हणते, ‘आबा, पाण्यात आई हसतेय.’ आणि भागा, तिचा सख्खा बाप, तिचा हात सोडून देतो. मी दोन मुलींचा बाप आहे. पुस्तक मिटून ढसाढसा रडलो.’ पाच स्टार.

भागुजी: हिरवं पातळ म्हणलीस?

तेजस्विनी: आबा? आबा, पप्पांनी सांगितलं होतं, हे तुम्हाला कळू द्यायचं नाही.

भागुजी: नूतनचं घातलं का त्यानं?

तेजस्विनी: नाव बदललंय.

भागुजी: हिरवं पातळ तर तसंच ठिवलं. माझी पोर हाय ती. माझी पोर पुस्तकात बुडवली त्यानं, आन ती बी माझ्याच हातानं?

तेजस्विनी: तुम्ही नूतनआत्याबद्दल त्या माणसाला का सांगितलंत?

भागुजी: इचारलं त्यानं. ‘या डोंगरावर कधी काही वाईट घडलं का, आबा?’ दोन-तीन दिस संगं हिंडलेला माणूस. ह्याच वट्यावर बसून भाकर खाल्ली त्यानं, झुणका मागून घेतला. मला वाटलं, आपला माणूस हाय. आन मी कुणाशी बोलू ते? तुझी आजी त्ये नाव घरात काढू देत न्हाई. भगवंताफुडं काढलं तर त्यो डोळं पुसतो आन म्हणतो, जाऊ दी. ह्या माणसानं कसं, पोटभर ऐकून घेतलं. म्हणून सांगितलं. कडंच्या पोढीतनं तिला बाहेर काढली तवा अंगावर हिरवं पातळ व्हतं, येवढंच सांगितलं. हात सोडला असं कुठं म्हणलो मी? मी तिथं नव्हतोच!

तेजस्विनी: माहितीय मला. पण त्याला ‘बळी’ हे सुचलं कुठून?

भागुजी: त्ये माझ्या जिभंमुळं झालं.

तेजस्विनी: म्हणजे?

भागुजी: कडंच्या पोढीवर अक्षरं हायेत ना. मला काय ती वाचाय येत न्हाईत. आमचं मोठं सायेब यायचं, ते पावण्यांना सांगायचं, ऐकून ऐकून पाठ झालं. ‘हे अमक्या बाईचं देयधम.’ देयधम म्हंजी दान. कुण्या बाईनं वाटसरूंसाठी पोढी खोदून दिली, तेवढंच लिवलंय. मी लेखकाला बोट लावून दाखवलं, म्हणलं, ‘सायेब, ह्ये देय हाय.’ त्यानं कागदावर लिवलं, ‘देह’.

तेजस्विनी: देह का पण?

भागुजी: त्याच्याआधी दोन दिस त्यो माझं बोलणं लिवून घेत व्हता. मी ‘आमी’ म्हणलं की त्यो लिवायचा ‘आम्ही’. मी ‘तुमी’ म्हणलं की ‘तुम्ही’. आमी ह खातो, ह्ये त्याला कळलं व्हतं. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं इथं बी ह खाल्ला. तर त्यानं त्यो भरून काढला.

तेजस्विनी: आणि देहधम म्हणजे देह द्यायचा. बळी द्यायचा. अरे देवा. म्हणजे अख्खं पुस्तक तुम्ही न खाल्लेल्या एका ‘ह’वर उभं आहे!

भागुजी: मला दिसलं व्हतं त्यानं काय लिवलं ते. तवा डोळं बरं व्हतं. पन म्हणलं, येवढा मोठा माणूस, चुकतोय मीच. गप बसलो.

तेजस्विनी: आता नाही गप बसायचं. उठा. उपरणं काढून ठेवा ते आधी. टोपी घाला. मी मोबाईल लावते, तुम्ही त्या दिवशी कुठं होतात ते स्वतःच्या तोंडानं सांगा. या सगळ्या अभिप्रायांच्या खाली टाकते मी. त्या सोलापूरच्या माणसालाही कळू दे तो कशावर रडला ते.

भागुजी: ऐकत्यात का लोकं?

तेजस्विनी: पुस्तक ऐकतात तर तुमचं का नाही ऐकणार? प्रयागआजीला तर मी स्वतः दाखवणार आहे. नाव सांगा, गाव सांगा, आणि पुढं बोला. इकडं बघा, माझ्या हाताकडं. हं, बोला.

भागुजी: जय भीम. मी भागुजी भिका. ऱ्हाणार बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. मी लेण्यावर पहारेकरी व्हतो, आता घरीच असतो. पावसापाण्याचं बरं चाललंय...

तेजस्विनी: आबा, पत्र नाही लिहायचं. त्या दिवसाचं बोला.

भागुजी: व्हय. तर त्या दिशी मी पोढीपाशी नव्हतो. मी खाली फाटकावर व्हतो. मुंबईची मंडळी आली व्हती, त्यांना वाट दाखवत व्हतो. माझी पोर नूतन माझ्यासंगं आली व्हती, ती वर लेण्याच्या सावलीला भाकर खात बसली व्हती. मी तिला सांगितलं व्हतं, हलू नको. मंडळी लावून दिली आन वर आलो. भाकरीचा तुकडा तसाच व्हता. चपला कडंच्या पोढीपाशी व्हत्या. एकीत एक घातलेल्या, जशी ती ठिवायची तशा. पोर नव्हती... मी उडी टाकली. उशीर झाला व्हता. ती पडली कशी, कुणी बघितलं न्हाई. ती काय म्हणली, ते बी कुणाला ठावं न्हाई. पुस्तकात लिवलंय ते लेखकानं मनानं लिवलंय. तिथं कुणी नव्हतं.

(दारात चिमाबाई. कांद्याच्या वावरातून आलेली, हातापायाला माती. ती कधीपासून उभी आहे ते दोघांनाही कळलेलं नाही.)

चिमाबाई: कुणी नव्हतं?

तेजस्विनी: आजी! तू कधी आलीस?

चिमाबाई: तुमाला इचारते मी. तिथं कुणी नव्हतं?

भागुजी: आज तोंड उघडलं म्हणायचं. दिवाळीपासनं घरात मुक्यानं वावरतीस. मला वाटलं, पावणं येत्यात जात्यात म्हणून रागावलीस.

चिमाबाई: पावण्यांचं मला काय? त्या पुस्तकातलं पोरीचं मी ऐकलंय.

तेजस्विनी: कुणी ऐकवलं तुला?

चिमाबाई: कुणी कशाला ऐकवाय पायजे? डोंगराखाली गोकुळनं टपरी टाकलीय न्हव का, मोबाईलला भोंगा लावलाय. त्यात एक बाप्या आख्खं पुस्तक वाचतोय. पावणं च्या पित्यात आन म्हणत्यात, ‘ते पोरीचं लाव.’ दिसातनं धा येळा तेवढंच लागतं. पयल्यांदा ऐकलं तवा बांधावर बसकण मारली मी. मंग रोज थांबाय लागले. बाभळीखाली बसायचं, लागलं की ऐकायचं, आन उठायचं.

तेजस्विनी: अगं, पण ते खोटं आहे आजी. सगळं बनवलेलं आहे. आबा आत्ता तेच सांगत होते.

चिमाबाई: तू मधी बोलू नको, बाळ. तू नव्हतीस तवा. तुझा बाप पाळण्यात व्हता. ह्ये आमचं दोघांचं हाय.

भागुजी: बस तरी. हातपाय धू.

चिमाबाई: पुस्तकातल्या पोरीच्या अंगावर माझं हिरवं पातळ हाय. ते त्याला कुणी सांगितलं?

भागुजी: मी सांगितलं.

चिमाबाई: बरं. मंग पातळ खरं. मंग बोलणं खोटं कसं? एक तुमी सांगितलं आन एक त्यानं मनानं घातलं, असं कसं व्हईल?

तेजस्विनी: लेखक असंच करतात, आजी. खऱ्यात खोटं मिसळतात.

चिमाबाई: तुमाला एक सांगते. कधी सांगितलं न्हाई, आता सांगते. त्या दिशी सकाळी मी तिला मारलं.

भागुजी: मारलं? कधी?

चिमाबाई: तुमी डबा बांधत व्हता. तिनं पेटीतनं माझं हिरवं पातळ काढलं. नवं व्हतं, माझ्या भावानं घेतल्यालं. निम्मं अंगाला गुंडाळलं आन निम्मं अंगणात फराफरा वढत हिंडत व्हती. मला म्हणती, ‘मी तू झाले.’ मी दिली एक ठिवून. पाची बोटं उठली गालावर. ती रडली न्हाई. नुसती बघत ऱ्हायली, आन मंग तुमच्या मागं पळाली, पातळासकट. रोज जाताना मला सांगून जायची. त्या दिशी न्हाई सांगितलं.

भागुजी: मला ठावं नव्हतं, चिमे. मला वाटलं तूच नेसवलं कवतिकानं.

चिमाबाई: येवढी वर्सं मी त्येच घेऊन निजते आन त्येच घेऊन उठते. पोर माझ्यावर रुसून गेली. शेवटाला तिनं माझं नाव घेतलं असंल का, असा इचार आला की घास उतरत न्हाई. नाव घ्यावं असं मी काय केलं व्हतं तिचं? गालावर बोटं उठवली व्हती. आन त्या दिशी बाभळीखाली त्यो भोंगा म्हणला, ‘पाण्यात आई हसतेय.’ माझं डोकंच चालंना. म्हणलं, हसतेय म्हणली? मी हसताना दिसले तिला? मंग रुसलेली नव्हती ती.

तेजस्विनी: आजी...

चिमाबाई: म्हणून इचारते. तिथं तुमी असाल, तर तिचं बोलणं तुमी ऐकलं आन त्या माणसाला सांगितलं. मंग ते खरं. आन तुमी नसाल, तर कुणीच ऐकलं न्हाई. मंग पोर तशीच गेली, गाल घेऊन. दोन्हीतलं एक सांगा. चिडायची न्हाई मी, रडायची न्हाई. तुमी तिथं व्हता का नव्हता?

तेजस्विनी: आजी, ते नव्हते! आत्ता त्यांनी सांगितलंय, सगळं मोबाईलमध्ये आहे, थांब, ऐकवते तुला.

भागुजी: तेजे, गप.

तेजस्विनी: का गप? तुम्ही फाटकावर...

भागुजी: गप म्हणलं ना तुला. ठिव ते खाली.

चिमाबाई: सांगताय ना?

भागुजी: जरा पाणी दे.

चिमाबाई: पाणी मागनं देते. आधी सांगा.

भागुजी: ...व्हतो.

चिमाबाई: माझ्याकडं बघून सांगा.

भागुजी: दिसतंय कुठं मला.

चिमाबाई: तरी बघा.

भागुजी: हे बघ, बघितलं. तिथं व्हतो मी.

चिमाबाई: मंग तिनं काय केलं? काय म्हणली, ते तिच्या बोलण्यात सांगा.

भागुजी: पोढीच्या काठाला ओणवी बसली व्हती. पातळाचा पदर डोईवरनं घेतल्याला, तुझ्यावाणी. वाकून पाण्यात बघितलं. तिचं तिलाच दिसलं आन तिला वाटलं तू हाईस. म्हणली...

चिमाबाई: भोंग्यातली पोर म्हणती, ‘आबा, पाण्यात आई हसतेय.’

भागुजी: आबा कोण म्हणतंय मला तवा? आबा मी ह्या तेजीचा. नूतन मला दादा म्हणायची. ‘दादा, पाण्यात बाय हसती.’ अशी म्हणली.

चिमाबाई: बाय म्हणली?

भागुजी: बायच. तुला आई कधी म्हणली व्हती ती?

चिमाबाई: न्हाई... आई तर हिचा बाप म्हणतो, कपिल. बाय तीच एकटी म्हणायची. तवापासनं मला कुणी बाय म्हणलं न्हाई. मी सवताच इसरले व्हते, बया. मंग पुस्तकात आई का घातलं?

भागुजी: शेरातला माणूस त्यो. आपलं बोलणं सुधारून लिवलं त्यानं. देयचं देह केलं, तशी बायची आई केली.

तेजस्विनी: आबा, अहो...

भागुजी: तेजे.

चिमाबाई: आन हसती म्हणली? बराबर हसतीच म्हणली?

भागुजी: हसती म्हणली. तिचं तीच हसत व्हती, म्हणून पाण्यात बी हसणारंच दिसलं की तिला.

चिमाबाई: रुसलेली नव्हती?

भागुजी: कशाचं रुसणं? लेकरू ते. डोंगर चढेपतूर इसरलं बी असंल. वाटंनं चिंचा येचल्या तिनं, माझ्या खिशात भरल्या. खाली बस, चिमे. पडशील.

चिमाबाई: मंग हात का न्हाई धरला?

भागुजी: हात?

चिमाबाई: तुमी तिथं व्हता. तिचं बोलणं तुमाला ऐकू आलं. मंग हात का न्हाई धरला तिचा?

भागुजी: जरा लांब व्हतो. मंडळीशी बोलत व्हतो. ऐकू आलं, पन वळाय येळ लागला.

चिमाबाई: आन मला येवढी वर्सं म्हणला, फाटकावर व्हतो.

भागुजी: म्हणलो खरं.

चिमाबाई: एका घरात ऱ्हायलो आपण. तुमी आजारी पडला तवा मी रोज तुमच्या उशाला बसले. तवा बी न्हाई सांगितलं. मी सोसलं असतं ना ओ. तवाच सांगितलं असतं तर तुमाला शिव्या दिल्या असत्या, डोकं आपटलं असतं, पन सोसलं असतं. निदान तिचं बोलणं तरी माझ्यापाशी ऱ्हायलं असतं. त्या परक्या माणसाला दिलंत, आन मला न्हाई दिलंत.

भागुजी: चुकलं माझं.

चिमाबाई: वैशाखी पौर्णिमंला समदी वर वंदनेला जात्यात. ती गेल्यापासनं मी त्या डोंगरावर पाय ठिवला न्हाई. औंदा जाणार हाय. कडंच्या पोढीपाशी बसणार हाय. तेजी येईल माझ्यासंगं.

भागुजी: जा की. पायऱ्या बघून चढ.

चिमाबाई: तुमी येऊ नका.

भागुजी: न्हाई येत.

चिमाबाई: दुरडीत भाकरी हायेत. तुमच्या हातानं घ्या.

भागुजी: घेतो.

चिमाबाई: हसती म्हणली... बया माझी. हातपाय धुते मी.

तेजस्विनी: गेली. आबा, हे काय करून बसलात तुम्ही?

भागुजी: हळू बोल. मोरीत हाय ती, ऐकू जातं.

तेजस्विनी: तुम्ही फाटकावर होतात! आणि ते वाक्य... ते तर मी आत्ता वाचून दाखवलं तुम्हाला. त्या सोलापूरच्या माणसानं लिहिलेलं. तासाभरापूर्वी तुम्हाला त्यातला शब्दसुद्धा माहीत नव्हता.

भागुजी: बरं झालं वाचलंस. न्हाईतर आज अडलो असतो.

तेजस्विनी: त्या चिंचासुद्धा खोट्या?

भागुजी: चिंचा खऱ्या हायेत. भिजलेल्या निघाल्या माझ्या खिशातनं.

तेजस्विनी: मग खरं का नाही सांगितलंत? तिनं ऐकलं असतं तुमचं. आज नाही तर उद्या पटलं असतं. आता बाहेर प्रयागआजी पोरीला मागं ओढणार, तो गोकुळ भोंगा वाजवणार, आणि घरात आजीसुद्धा...

भागुजी: बाहेरचं सोड. आजीचं म्हणशील तर तिनं इचारलं, आन मला दिसलं, तिला काय पायजे ते. माझ्याकडं तिला द्याय दुसरं हाय काय, पोरी? जलमभर मी तिला एक बरं पातळ घेऊन देऊ शकलो न्हाई.

तेजस्विनी: पण ती तुमच्याशी आता बोलणारसुद्धा नाही.

भागुजी: नगं बोलू दी. त्ये मला लई जड जाईल. पन तिला निजंचं सुख लागंल.

तेजस्विनी: व्हिडिओ चालूच राहिला होता. आधीचं खरं आणि नंतरचं... दोन्ही आलंय त्यात.

भागुजी: पुसून टाक.

तेजस्विनी: नंतरचं?

भागुजी: दोन्ही. खरं तर आधी पुस. तिच्या कानावर पडाय नगं कधी. आन पौर्णिमंला वर गेलीस की तिला सांगू बिंगू नको काय. आपल्या दोघांत ऱ्हाऊ दे.

तेजस्विनी: पुसलं. आबा, मला फार रडू येतंय.

भागुजी: रड. पन तोंड दाबून रड.

तेजस्विनी: आणि या अभिप्रायांच्या खाली मी काय लिहू आता? उघडंच आहे पान. इतकं चिडून बसले होते, एक ओळसुद्धा सुचत नाही.

भागुजी: लिव, पुस्तक बरं हाय.

तेजस्विनी: आबा!

भागुजी: बरं हाय म्हणून लिव. आतनं आवाज येतोय का गं? कुणाशी बोलती ती?

तेजस्विनी: कुणी नाही. एकटीच आहे.

भागुजी: काय म्हणती?

तेजस्विनी: ‘हसले व्हते का गं मी,’ असं म्हणतेय.

भागुजी: ...मार्क द्यायचं ऱ्हायलं बग. पैकीच्या पैकी दे.